आत पडलेला उजेड जिन्यापर्यंत पोचतो का?

अबोली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायचं धाडस करतेय.

दिवाळीनंतर इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, मौन, दिवसभर बैठक. शिबिराबद्दल लिहीत नाही, तो अनुभव ज्याचा त्याने घ्यावा. घरी परतल्यावर जे झालं ते सांगायचंय.

पहिल्याच सकाळी ओट्याशी उभी होते. कामाच्या मावशींची भांडी घासून झाली होती. खिडकीच्या जाळीत स्टीलचा एक कप पालथा घातलेला असतो. बुडाशी चेपलेला, कानाजवळ काळा पडलेला. मावशींनी तो काढला, चहा ओतून घेतला, उंबऱ्याशी बसून प्यायला, विसळला आणि पुन्हा जाळीत पालथा घातला. अकरा वर्षं हे रोज माझ्या डोळ्यांदेखत चाललंय. तो कप मला त्या दिवशी दिसला. बाकीचे सगळे कप मांडणीत, हा एकटा जाळीत. 'यांचा कप वेगळा ठेवा' असं घरात कुणी कधी म्हटल्याचं आठवत नाही. सासूबाई म्हणाल्या नाहीत, मीही म्हटलं नाही. कप आपला तिथेच होता. मला रडू आलं.

माझा प्रश्न असा. एकेका माणसाच्या आत उजेड पडत गेला तर समाज बदलतो का? मला हे मनापासून पटलंय, म्हणून तर विचारतेय. कारण आमच्या इमारतीत मला धरून सहा जणांनी हे शिबिर केलंय आणि लिफ्टशेजारची 'घरकामाच्या व्यक्तींनी मागील लिफ्ट वापरावी' ही पाटी जशीच्या तशी आहे. मग तो उजेड अडतो कुठे?

कोवळं_ऊन
वाचून गलबलले. आमच्याकडे कप नाही, काचेचा ग्लास आहे. आत्ता उठून बघून आले.

प्रश्नचिन्ह
ताई, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे. पण 'माणूस बदलला की समाज बदलेल' हे मी शाळेपासून ऐकतोय. किती माणसं बदलली की समाज बदलतो? कोण मोजणार? तुमच्या इमारतीत सहा जण बदलूनही पाटी हलली नाही, म्हणजे उत्तर तुमच्याच प्रश्नात आलं. पाटी नियमाने लागली, ती नियमानेच निघेल.

वारकरी_सातारा
राम कृष्ण हरी.

आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. वडिलांचं बोट धरून पहिल्यांदा गेलो तेव्हा सात वर्षांचा होतो. वारीत एक गोष्ट अशी घडते की ती बाहेर सांगून कळत नाही. समोरचा वाकून तुमच्या पायाला हात लावतो, तुम्ही त्याच्या. वय, गाव, शिक्षण कोणी विचारत नाही. जो तो माऊली. 'माऊली, जरा सरका', 'माऊली, पाणी द्या.' हे अठरा-वीस दिवस चालतं आणि ते खरं असतं, नाटक नसतं. मी स्वतः अनुभवलंय म्हणून छातीठोक सांगतो.

पण ताईंचा प्रश्न मलाही कित्येक वर्षं टोचतो आहे. पंढरपूरपर्यंत ज्याला माऊली म्हटलं, त्याचं आडनाव गावी आल्यावर आम्ही विचारतो. आमच्याच दिंडीत आजोबांच्या काळी पंगती वेगळ्या बसत, हे वडिलांनी सांगितलंय. पायी चालताना जे मन मोकळं होतं, ते घराच्या चौकटीत शिरताना पुन्हा आवळतं. का, ते मला कळलेलं नाही. वारीवर माझी श्रद्धा आहे आणि ती राहणार. म्हणूनच हे जास्त लागतं.

निळाई
अबोली, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय, म्हणून मीही तसंच लिहिते.

तुम्हाला तो कप शिबिरानंतर दिसला. मावशींना तो अकरा वर्षं रोज दिसत होता.

हे वाईट वाटावं म्हणून म्हणत नाही. पण या सगळ्या चर्चेत जागा होणारा माणूस नेहमी वरच्या मजल्यावरचा असतो आणि खालच्याने तो जागा होईपर्यंत थांबायचं असतं. किती थांबायचं? महाडचं चवदार तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पाणी कोणी भरू दिलं का? नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यावर खटला झाला, तो उच्च न्यायालयात १९३७ साली संपला. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी. तेव्हा महाडात कीर्तनं होत नव्हती का? भजनं होत नव्हती का?

संतांबद्दल बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, लाहोरचं न झालेलं भाषण पुस्तकरूपाने छापलं त्यात गांधीजींना दिलेल्या उत्तरात. संतांना माणूस आणि देव यांच्यातल्या नात्याशी मतलब होता, माणूस आणि माणूस यांच्यातल्या झगड्याशी नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरात कुठे आहे? महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर. आत नाही.

वारकरी_सातारा
निळाईताई, चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवल्याशिवाय मी आत जात नाही. पण तुमचं म्हणणं खोडता येत नाही, खोडणारही नाही.

वऱ्हाडकर
आमच्या अमरावतीचं नाव अजून कसं कोणी काढलं नाही बावा! गाडगेबाबाचं सांगतो.

बाबा मूळचे शेणगावचे, आमच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. नाव डेबूजी, परीट समाजातले. पोरीच्या बारशाले भाऊबंदाले दारू-मटन द्याचा रिवाज होता, यायनं गोडाचं जेवण देल्लं. पंच बिघडले. थो पहिला फटका. मंग १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हाती खराटा, अन् एक फुटकं गाडगं.

आता मुद्द्याची गोष्ट पाहा. बाबा गावात आले की कोणाले उपदेश नाही करत. आधी खराटा घेऊन गाव झाडाले लागत. कोणी पाटील येऊन इचारे, 'कोण रे तू?' बाबा झाडतच राहत. लोकायलेच लाज वाटे, चार जण झाडू घेऊन उतरत. संध्याकाळी कीर्तन. कीर्तनात सांगणं कमी, इचारणं जास्त. 'देव कुठं हाये? दगडात हाये का? कर्ज काढून सण करता, मंग कर्ज फेडाले देव येते का?' अन् लोकच उत्तर देत. रात्री कीर्तन झालं की मुक्काम नाही, पुढचं गाव. गुरू नाही, शिष्य नाही, मठ नाही. पैशाच्या धर्मशाळा बांधल्या, शाळा काढल्या, सोता कधी तिथं राह्यले नाहीत.

माह्या आज्यानं हे डोळ्यानं पाह्यलं. थो म्हणे, बाबा गेल्यावर आठ दिवस गाव चकचकीत राहे, मंग हळूहळू पहिल्यासारखं. मी हे लपवून नाही ठेवत. पण ज्या चार जणायनं तवा झाडू धरला, त्यायच्या घरात दारू पुन्हा नाही आली. माह्या घरात नाही आली.

निळाई
वऱ्हाडकर, गाडगेबाबांबद्दल माझा आक्षेपच नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. नुसतं 'सगळे समान' म्हटलं नाही, इमारत दिली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा. आमच्या घरात दोन्ही तसबिरी शेजारी आहेत.

स्टुटगार्टकर
एक वेगळं सांगू का? मी इथे जर्मनीत नऊ वर्षं आहे. या भागात जुन्या इमारतींमध्ये 'केरवोखे' नावाची पद्धत आहे, म्हणजे झाडण्याचा आठवडा. घराच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात सगळ्यांचा जिना पुसायचा, दारासमोरचा रस्ता झाडायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला.

आमच्या जिन्यात एक निवृत्त न्यायाधीश राहतात आणि एक बसचालक. पाटी दोघांच्याही दाराला येते. मी पहिल्यांदा बादली घेऊन जिना पुसायला बसलो तेव्हा मान वर करवत नव्हती. पुण्यात आमच्या घरी जिना पुसायला एक आजी येत, त्यांचं नाव मला ठाऊक नव्हतं, हे तिसऱ्या पायरीवर आठवलं. इथे कोणाला साक्षात्कार झालेला नाही. फक्त पाटी फिरते. पण मला जे काही कळलं ते त्या तिसऱ्या पायरीवर कळलं.

कदाचित क्रम उलटा असेल. आधी हात, मग मन.

प्रश्नचिन्ह
+१. हेच म्हणत होतो, पण स्टुटगार्टकरांनी चांगलं सांगितलं.

आजोबा_बार्शी
माझं वय ८७. नातवाने टंकून दिलं आहे, चुका झाल्यास त्याच्या नसून माझ्या सांगण्याच्या.

साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण १ मे १९४७ ला सुरू झालं. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधी गुरुजी काही महिने सबंध महाराष्ट्र फिरले, गावोगावी मंदिरं आणि विहिरी खुल्या करा म्हणून सांगत. मी तेव्हा नऊ वर्षांचा. वडील प्राथमिक शिक्षक. उपोषण चाललं ते दहा दिवस वडील रात्री जेवले नाहीत. आई ताट वाढायची, ते पाटावर बसायचे, हात जोडायचे आणि उठायचे. १० मे ला बातमी आली की मंदिर उघडलं, तेव्हा वडील ओसरीवर मोठ्याने रडले. मोठ्या माणसाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता पुढचं ऐका. गुरुजींच्या दौऱ्याच्या त्या दिवसांत आमच्या गावची विहीरही खुली झाली होती. पाटलांनी स्वतः हरिजन वस्तीतल्या एका बाईला पहिली घागर भरू दिली, नारळ फोडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभरात गावातल्या बायका मळ्यातल्या विहिरीवर जायला लागल्या. कोणी भांडलं नाही, काही बोललं नाही. विहीर खुली झाली आणि ओस पडली.

गावात एक पाणी कधी झालं सांगू? १९७२ च्या दुष्काळात. सगळ्या विहिरी आटल्या. मी तेव्हा खडी फोडायच्या कामावर हजेरी लिहायला होतो. पाटलाची सून आणि वस्तीतली बाई एकाच खडीच्या ढिगाशी बसून हातोडा मारत. दुपारी सुकडी एकाच पातेल्यातून, पाणी एकाच रांजणातून. पहिले दोन दिवस काहींनी पाणी प्यायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी ऊन असं होतं की टाळणं जमेना.

म्हणून गुरुजी व्यर्थ गेले, असं मला म्हणायचं नाही. माझ्या वडिलांचं मन गुरुजींनी बदललं, आणि वडिलांमुळे माझं. १९७२ साली त्या रांजणातून पहिल्या दिवशी पाणी प्यायलेल्या गावातल्या मोजक्या माणसांत मी होतो. कारण आमच्या घरात ते आधीच झालेलं होतं.

कोवळं_ऊन
आजोबा, तुम्हाला आणि तुमच्या नातवालाही नमस्कार. हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

तलाठीबुवा
सरकारी नोकरीत होतो, म्हणून माझं बोलणं कागदाचं.

विनोबांना १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं. तिथल्या चाळीस हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली, रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मग विनोबा तेरा-चौदा वर्षं पायी फिरले, चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीचं दान मिळालं. जगात दुसरीकडे असं घडलेलं मला माहीत नाही. नुसत्या मागण्यावर माणसं जमीन देत होती. म्हणजे आतला बदल नव्हता असं कोण म्हणेल?

पण दान सभेत झालं आणि सातबारा कचेरीत. त्यातली बरीच जमीन खडकाळ निघाली, काही खटल्यातली. कुठे देणारा वारला आणि मुलांनी हात वर केले. बापाच्या मनातला उजेड मुलाच्या नावावर फेरफार होऊन येत नाही, हे माझ्या नोकरीतलं शिक्षण. मन ओलं असतानाच सही, मोजणी आणि ताबा झाला पाहिजे. चार महिन्यांनी गेलात तर माणूस तोच असतो, पण तो क्षण गेलेला असतो.

अबोलीताई, तुमचं मन आत्ता ओलं आहे. जे करायचं ते आत्ता करा.

जंगलवाट
तलाठीबुवांच्या बोलण्याला जोडून. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव आहे. मी कामानिमित्त तिथे जाऊन राहिलोय. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, १८०० हेक्टर जंगलावर. २०१३ साली गावाने आपल्या खासगी शेतजमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. म्हणजे विनोबांनी जे मागितलं ते इथे साठ वर्षांनी झालं.

कसं झालं? कोणी एक महाराज आला आणि गाव पालटलं, असं नाही. तिथे अभ्यासगट चालतो. एखादा विषय घेऊन बसायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, महिनोन् महिने चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तो सर्वसहमतीने. एक माणूस जरी 'नाही' म्हणाला तरी थांबायचं. मी ज्या सभेला बसलो होतो तिथे एक म्हातारी पूर्णवेळ गप्प होती. शेवटी कोणीतरी विचारलं, 'तुझं काय?' ती म्हणाली, 'मला अजून कळलं नाही.' सभा उठली. पुढच्या वेळी पुन्हा तोच विषय. कोणीही चिडलं नाही. मी शहरातला, मला घड्याळ दिसत होतं. त्यांना ती म्हातारी दिसत होती.

मला विचाराल तर अध्यात्म हेच. एकाच्या आत नाही, सगळ्यांच्या मध्ये.

प्रश्नचिन्ह
राळेगणसिद्धीचं काय मग? अण्णा हजारे सैन्यातून परतले, यादवबाबांचं मंदिर पदरच्या पैशांनी दुरुस्त केलं, त्याच मंदिरात गावाने दारूबंदीची शपथ घेतली. त्यांच्या आतल्या बदलाबद्दल शंका नाही. पण पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलंही. एकाचा उजेड दुसऱ्याच्या पाठीवर वळ उठवून पोचवायचा का? मला हे मान्य नाही, गाव कितीही हिरवं झालं तरी.

वऱ्हाडकर
मारणं मलेही पटत नाही. पण जिचा नवरा रोज पिऊन मारते, त्या बाईले इचारा. तिचं उत्तर तुमच्या-माह्यापेक्षा अलग येईन.

जंगलवाट
दोघांचंही खरं आहे. म्हणूनच मला त्या म्हातारीसाठी थांबलेली सभा जास्त मोठी वाटते.

दर्यावर्दी
मी रायगडातला कोळी. आमच्याकडे पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्यायातून 'मत्स्यगंधा' नावाच्या होड्या आल्या. होडी कोणाच्या मालकीची नाही, देवाची. जो तो पाळीपाळीने आपले काही दिवस देऊन त्या होडीवर जायचा. मासळीचे पैसे गरजवंताच्या घरी, आणि तेही गाजावाजा न करता. माझे काका जायचे. काकांचं आणि ज्यांच्याशी बांधावरून कोर्टात भांडण होतं त्यांचं नाव एकाच खेपेला लागलं. समुद्रात जाळं ओढताना कोर्ट आठवत नाही, दोर सुटला तर दोघेही जातात. खटला पुढे मिटला का, तर नाही, चालूच राहिला. पण दोघं एकमेकांच्या घरी मर्तिकाला गेले. आधी जात नव्हते.

वरोऱ्याची_लेक
सगळ्यांचं वाचते आहे, आणि मला राहून राहून बाबा आमट्यांचीच गोष्ट आठवते. आनंदवन आमच्या गावाला खेटून आहे, लहानपण तिथेच गेलं.

बाबा वकील, जमीनदाराचे मुलगे, वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाई कामगारांची बाजू समजावी म्हणून त्यांनी काही महिने डोक्यावरून मैल्याच्या पाट्या वाहिल्या. त्याच दिवसांत पावसात गटाराकाठी पडलेला एक महारोगी दिसला, तुळशीराम. हातापायांची बोटं झडलेली, अंगात किडे. आणि बाबा घाबरून पळाले. हे त्यांनी स्वतः सांगितलंय. जो माणूस कशालाही भीत नव्हता तो पळाला. मग परत गेले, त्याच्यावर तट्ट्याचा आडोसा केला, त्याची सेवा केली. तो मेला, पण भीती सोडेना. ती भीती घालवायची म्हणून ते कुष्ठरोगाकडे वळले, कलकत्त्याला जाऊन उपचार शिकले आणि मग आनंदवन उभं राहिलं.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. जाग आली ती ध्यानाला बसून आली नाही, आपण पळालो या शरमेतून आली. आणि आनंदवनात कुष्ठरोगी हे सेवा घेणारे राहिले नाहीत. विहिरी त्यांनी खणल्या, शेती त्यांनी केली, घरं त्यांनी बांधली. आमच्या घरी भाजी तिथून यायची. पूर्वी लोक घेत नसत म्हणे. माझ्या लहानपणी मात्र आई पाटीतली ताजी वांगी निवडून घ्यायची, भाव करायची, पैसे हातात द्यायची. हातात द्यायची, हे मुद्दाम लिहिते आहे.

निळाई
वरोऱ्याची लेक, हे फार चांगलं लिहिलंत. मीही आता माझ्या घरातलं सांगते, म्हणजे मी नुसती भांडायला आले नाही हे कळेल.

१४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी नागपूरला धम्मदीक्षेला होती. पांढरं लुगडं नव्हतं, शेजारणीचं मागून नेसली. लाखो माणसं उभी होती आणि बावीस प्रतिज्ञा एका आवाजात म्हणत होती. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या प्रतिज्ञा तिला मरेपर्यंत पाठ होत्या. घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घातले आणि नदीला सोडून आली. भीती वाटली का, असं मी विचारलं होतं. म्हणाली, 'टोपली सोडताना हात थरथरला. घरी आले तर काहीच झालं नव्हतं. सूर्य होता तिथेच होता.' त्यानंतर आमच्या घराने गावकी सोडली. भाकरी मागायला जाणं बंद. गावाने कामं दिली नाहीत, दुकानदाराने मीठ दिलं नाही. दोन वर्षं फार हलाखीत काढली. पण परत कोणी गेलं नाही.

तुम्ही विचारता एकाची जाग समाजापर्यंत कशी पोचते. आमच्याकडे ती एकेकट्याला आलीच नाही. सगळ्यांनी मिळून उच्चारली, आणि प्रत्येकीने आपापल्या घरी जाऊन आपापल्या हाताने टोपली सोडली. यातलं वैयक्तिक कुठलं आणि सामाजिक कुठलं, ते मला वेगळं काढता येत नाही.

अबोली
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. निळाई, मावशींना तो कप अकरा वर्षं दिसत होता हे तुमचं वाक्य वाचून दोन दिवस झोप आली नाही. त्याबद्दल आभार.

झालेलं सांगते. मी मावशींचा कप जाळीतून काढून मांडणीत आमच्या कपांशेजारी ठेवला आणि चहा आमच्यातल्या एका कपात देऊन टेबलाशी बसायला सांगितलं. मावशी बसल्या नाहीत. म्हणाल्या, 'माझा कप कुठाय?' मी समजावायला लागले, माझा आवाज भरून आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'वहिनी, तुमच्या कपात दोन घोट मावतात. माझा मोठा आहे. पहाटे चारला उठते मी, मला कपभर चहा लागतो.' मग त्या हसल्या, मीही हसले.

आणि मग जे म्हणाल्या ते शब्दशः लिहिते. 'कपाचं राहू द्या. खाली वॉचमनच्या खोलीमागचा संडास उघडून द्या. सकाळी सातला येते, सहा घरं करते, दोनला जाते. मधे कुठे जाऊ? मी सकाळपासून पाणी पीत नाही.'

अकरा वर्षं. तो संडास इमारत बांधताना कामगारांसाठी ठेवलेला होता. त्याला कुलूप आहे, आत जुने रंगाचे डबे. आमच्या घरात दोन संडास आहेत. मावशी ते रोज घासतात.

कोवळं_ऊन
पाणी पीत नाही, हे वाचून मी फोन खाली ठेवला.

आजोबा_बार्शी
विचारलं म्हणून कळलं. आम्ही विहीर उघडताना त्या बाईला विचारलं नव्हतं. तिला काय हवं होतं ते आजही मला माहीत नाही.

तलाठीबुवा
ताई, तोंडी नको. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.

प्रश्नचिन्ह
'साफ कोण ठेवणार' हा प्रश्न नक्की येणार. उत्तर तयार ठेवा.

स्टुटगार्टकर
पाटी फिरवा.

अबोली
(तीन आठवड्यांनी)

सभा काल झाली. म्हणून हा धागा वर काढते.

आधी शिबिर केलेल्या इतर पाच जणांना घरी चहाला बोलावलं. तिघं आले. मावशींनी सांगितलेलं सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. चौथ्या मजल्यावरचे एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, म्हणाले, 'रोज तासभर बसतो मी ध्यानाला. बाथरूम कोण घासतं, हे कधी मनात आलं नाही.' मग आम्ही चौघांनी ठरवलं.

सभेत व्हायचं तेच झालं. पाण्याचं बिल वाढेल, बाहेरचे लोक घुसतील, वास येईल, आणि शेवटी 'साफ कोण करणार?' मी उत्तर द्यायच्या आत ते काका उभे राहिले आणि म्हणाले, 'दर रविवारी एक घर. पहिला रविवार माझा.' सभागृह एकदम शांत. मग दुसऱ्या मजल्यावरची एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, 'दुसरा आमचा,' आणि तिच्या आईने तिच्याकडे वळून पाहिलं, पण नाही म्हणाली नाही. हात मोजले. २७ बाजूने, १४ विरुद्ध. लिफ्टच्या पाटीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला. त्यावर बरेच जण चिडले होते, सासूबाईही. घरी अजून नीट बोलत नाहीत माझ्याशी.

आज सकाळी कुलूप उघडलं. डबे काढले, फरशी घासली, काका ब्रश घेऊन आणि मी फिनाईल घेऊन. बल्ब लावला. मावशी आणि आणखी दोघी बघून आल्या. मावशी परत येऊन म्हणाल्या, 'चांगलं झालं. पण आतून कडी लागत नाही. आणि पिशवी टांगायला खिळा हवा, खाली ओलं असतं.'

निळाई
अबोली, पुढच्या सभेला लिफ्टच्या पाटीचा विषय निघेल तेव्हा मावशींनाही बसवा. त्यांच्या वतीने नको, त्यांनाच बोलू द्या. येतील का, विचारून बघा.

अबोली
विचारते. त्या दिवशी त्यांची दोन घरं बुडतील, त्याचे पैसे आम्ही चौघं मिळून देऊ. तेही त्यांना आधी विचारून.

वऱ्हाडकर
कडी पितळेची घ्या ताई. लोखंडी पावसाळ्यात गंजून अडकते, अन् बाई आत अडकली तं पंचाईत.

अबोली
पितळेचीच आणली. खिळ्याऐवजी दोन हुक घेतले, एक पिशवीला, एक पदराला. सुतार साडेपाचला येतोय.